फाळक्यांच्या घरातले डबे

पी. के. नायर अर्देशिर इराणींना भेटायला गेले, तेव्हा इराणी वयाने पार थकले होते. साठचं दशक संपत आलं होतं. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं होतं, पुण्याच्या तोंडी त्याचं नाव ‘फिल्म अर्काइव्ह’, आणि नायर पुढच्याच वर्षी तिथे रुजू झाले होते. काम एकच. जुने चित्रपट शोधायचे, मिळतील तिथून आणायचे आणि जपायचे. नायरांना हवा होता ‘आलम आरा’, १४ मार्च १९३१ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला पहिला भारतीय बोलपट. तो काढणारा माणूस समोर बसला होता. इराणी म्हणाले, काही रीळं आपल्याकडे असतील, आणि त्यांनी मुलाला ती काढून द्यायला सांगितलं.

मुलाने नायरांना बाजूला घेतलं आणि खरं काय ते सांगितलं. ती रीळं त्यानेच केव्हाच विकून टाकली होती, चांदी काढून घेण्यासाठी. वडिलांना त्यातलं काही माहीत नव्हतं.

नायर हा प्रसंग पुढे अनेकदा सांगत. १९६९मध्ये इराणी गेले. ‘आलम आरा’ आजतागायत सापडलेला नाही.

चित्रपटाच्या जगातले पडद्यामागचे किस्से म्हटले, की शूटिंगच्या गमती, नटनट्यांचे रुसवेफुगवे आणि निर्मात्यांची कर्जं आठवतात. माझ्या मते या धंद्यातला सर्वांत मोठा किस्सा चित्रपट उतरल्यानंतर, आणि बहुतेक वेळा तो काढणारा माणूस गेल्यानंतर, त्याच्या घरात घडतो. मागे उरलेल्या डब्यांचं काय करायचं, हे बायकोमुलं ठरवतात. ते ठरतं माळा आवरताना, घर बदलताना, भाऊ वेगळे होताना. आपला पहिला बोलपट गेला तो असा. आणि आपल्या पहिल्या मूकपटातलं जे काही आज पाहायला मिळतं, ते राहिलं तेही एका घरामुळेच.

आधी ही चांदी काय होती ते सांगतो. त्याशिवाय इराणींच्या मुलावर अन्याय होईल. कृष्णधवल फिल्मवर जे काळं दिसतं ते चांदीच्या बारीक कणांचं असतं. जुन्या प्रिंटा विकत घेणारे व्यापारी होते. ते वजनावर पैसे देत, फिल्म धुऊन चांदी काढत, आणि खाली उरलेल्या पारदर्शक पट्ट्यांनाही गिऱ्हाईक असे. त्या सेल्युलॉइडच्या बांगड्या होत, बायकांच्या पर्सेस होत. मूकपटांच्या काळातल्या किती नायिका अशा कुणाच्या मनगटावर गेल्या असतील, याचा हिशेब लागणार नाही. बोलपट आल्यावर मूकपटाला बाजार उरला नाही. कंपन्या बुडालेल्या, गोदामाचं भाडं थकलेलं. शिवाय त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती पेटली की विझत नाही, कारण जळताना लागणारा प्राणवायू ती स्वतःच तयार करते. पाण्यात बुडवली तरी जळत राहते. अशी वस्तू भरल्या घरात कोण ठेवील? भारतात साधारण तेराशे मूकपट निघाले. त्यांतले पूर्ण किंवा तुकड्यांनी उरलेले तिशीच्या आतबाहेर आहेत. बाकीच्यांना कुणी वैऱ्याने मारलं नाही. ते गरजेपोटी गेले, अडगळ म्हणून गेले, पाऊस आणि उष्मा यांनी गेले.

आता दुसरं घर.

धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७०चा, त्र्यंबकेश्वरचा. त्यांना ‘चित्रपटसृष्टीचे जनक’ म्हणून एका वाक्यात उरकण्याची आपल्याला सवय झाली आहे. पण चित्रपट त्यांच्या हाती लागला तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले कलावंत होते. मुंबईचं जे. जे. स्कूल, बडोद्याचं कलाभवन, गोध्र्याचा फोटो स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, लोणावळ्याला राजा रविवर्म्यांच्या छापखान्याचं काम, मग स्वतःचा छापखाना, रंगीत छपाई शिकायला १९०९मध्ये जर्मनी. गोध्र्याला प्लेगने पहिली बायको आणि मूल नेलं होतं. इतकं सगळं मागे टाकून हा माणूस १९११च्या ईस्टरला गिरगावातल्या एका तंबूत ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहायला बसला. आदल्या दिवशी थोरल्या मुलाला, भालचंद्राला, घेऊन ते चित्रपट बघून आले होते. घरी येऊन सांगितलं तर विश्वास कोण ठेवणार, म्हणून दुसऱ्या दिवशी पत्नी सरस्वतीबाईंनाही घेऊन गेले. म्हणजे भारतीय चित्रपटाच्या जन्मकथेत पहिल्या दिवसापासून घरची माणसं आहेत.

ती शेवटपर्यंत आहेत. विमा पॉलिसी गहाण पडल्या. दागिने गेले. सतत चित्रपट बघून आणि रात्रीरात्री प्रयोग करून दादासाहेबांची दृष्टी काही काळ गेली. डॉक्टरांच्या उपचारांनी ती परत आली. १९१२च्या सुरुवातीला ते लंडनला गेले, सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत काम पाहून आले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, छिद्रं पाडायचं यंत्र आणि छपाईचं सामान घेऊन परतले. भांडवल मिळवण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो कसा उगवतो याच्या चौकटी कॅमेरा न हलवता दिवसांमागून दिवस टिपल्या. पडद्यावर मिनिटभरात रोप वर आलं. ते पाहून फोटोग्राफीच्या सामानाचे व्यापारी यशवंत नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले. ‘अंकुराची वाढ’ हा तो छोटा चित्रपट आज उरलेला नाही. मला तो ‘राजा हरिश्चंद्र’ या आपल्या पहिल्या मूकपटाइतकाच हवा होता. कारण पुराणकथा नाही, नट नाही, नुसतं एक बी आणि ते बघत बसलेलं एक घर, एवढ्याच भांडवलावर तो केला होता.

छिद्रांच्या यंत्राविषयी थांबून सांगायला हवं. त्या काळी कच्ची फिल्म कोरी येत असे. कडेला जी चौकोनी छिद्रं असतात, ज्यांत दात अडकून फिल्म पुढे सरकते, ती आपण पाडून घ्यायची. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्ममध्ये एका फुटात सोळा चौकटी बसतात आणि प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार चार छिद्रं. म्हणजे फुटाला एकशे अठ्ठावीस. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फुटांचा होता. हे काम अंधारात करायचं, चाचपडत, कारण कच्च्या फिल्मला उजेड लागला की ती वाया गेली. हे काम सरस्वतीबाई करत. दिवसा युनिटमधल्या माणसांचा स्वयंपाक, उन्हात चित्रीकरण चालू असताना उजेड परतवायला पांढरी चादर धरून उभं राहणं, आणि रात्री छिद्रं. रसायनं कालवणं, फिल्म धुणं हेही त्यांनी शिकून घेतलं. श्रेयनामावली तेव्हा आजच्यासारखी नव्हती. असती तर त्यांचं नाव किती विभागांत लिहावं लागलं असतं!

रोहिदासाच्या भूमिकेत भालचंद्रच होता. तारामतीसाठी बाई मिळेना, म्हणून हॉटेलात स्वयंपाकाचं काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र. सिनेमात काम करतो म्हटलं तर लोक नावं ठेवत, म्हणून नटांनी बाहेर सांगायचं की आपण हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहोत. परेश मोकाशींच्या २००९च्या चित्रपटाचं नाव तिथून आलं. मुंबईबाहेर वांगणीला चित्रीकरणासाठी गेलेली मंडळी तलवारी-भाले घेऊन उतरलेली पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्यासारखं वाटलं आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं, हा किस्सा तर शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे.

त्याच मुक्कामातला दुसरा किस्सा क्वचित सांगितला जातो. बापू वाटव्यांसारख्या चरित्रकारांनी तो नोंदवला आहे. खेळताना भालचंद्र दगडावर पडला, डोक्याला मार लागला आणि शुद्ध गेली. रोहिदासाच्या मृत्यूचं दृश्य अजून घ्यायचं होतं. मुलाला मुंबईला न्या, असं सगळे सांगत होते. दादासाहेबांनी आधी ते दृश्य घेतलं. बेशुद्ध मुलाला तसंच निजवून. मुलगा पुढे बरा झाला. हा प्रसंग वाचताना अंगावर काटा येतो आणि बापाविषयी मनात बरंच काही येऊन जातं. मी त्यावर निवाडा देणार नाही. पण पुढे जपणुकीची वेळ आली, तेव्हा त्या डब्यांमध्ये त्या घराचं काय काय गुंतलं होतं, हे त्यावरून कळतं. एका डब्यात आईच्या हातची छिद्रं, एकात भावाचं बाळपण.

आणि एकात बहीण. १९१८ साली नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी सुरू झाली. त्याच वर्षी आलेल्या ‘श्रीकृष्णजन्म’मध्ये आणि १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्णाच्या भूमिकेत दादासाहेबांची मुलगी मंदाकिनी होती. ‘कालिया मर्दन’ची सुरुवात ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी जरूर पाहावी. गोष्ट सुरू होण्याआधी पडद्यावर येते ती नुसती एक छोटी मुलगी, मंदाकिनी म्हणूनच. बाप कॅमेऱ्यामागून काही सांगत असणार, कारण ती एकामागून एक भाव दाखवते. हसते, रागावते, रडवेली होते, पुन्हा हसते. मग बघता बघता तिच्या अंगावर कृष्णाचा वेष येतो, डोक्यावर मुकुट येतो, आणि त्या मुलीच्या जागी देव उभा राहतो. हा बदल कॅमेऱ्यातच साधलेला आहे. एक चित्र विरत जातं आणि त्याच जागी दुसरं उमटतं. पुढे डोहाच्या तळाशी कालियाशी झटापट आहे, ते ट्रिकचं काम आजही बघत राहावंसं वाटतं. पण मला पुन्हा पुन्हा पाहावीशी वाटते ती पहिली दोनतीन मिनिटं. बापाने प्रेक्षकांना विश्वासात घेऊन सांगितलं आहे की ही माझी मुलगी, आता हिचा कृष्ण करतो, बघा.

दादासाहेबांचा उत्तरार्ध सुखाचा गेला नाही. भागीदारांशी बिनसलं, ते काशीला जाऊन राहिले, तिथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिलं, परत आले. बोलपटाने त्यांचं तंत्र जुनं ठरवलं. १९३७चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट, कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला. १६ फेब्रुवारी १९४४ला नाशिकमध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या नावाचा पुरस्कार नव्हता, अर्काइव्ह नव्हतं, आणि मूकपट जपून ठेवावा असं म्हणणारं देशात जवळपास कुणी नव्हतं. घरात पैसा नव्हता. व्यापारी होते, चांदीला भाव होता.

अशा वेळी फाळके कुटुंबात काही डबे राहिले. हे सहज वाचून पुढे जाऊ नका. नाशिकचा पाऊस, मुंबईची दमट हवा, पिढी बदललेली, आणि डब्यात काय आहे ते बघायला घरात यंत्र नाही. एवढं सगळं असताना वीस-पंचवीस वर्षं कुणीतरी ‘हे दादांचं आहे, राहू दे’ असं म्हणत राहिलं. नायर फाळके कुटुंबीयांपर्यंत पोचले, तेव्हा ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रीळं आणि ‘कालिया मर्दन’चा मोठा भाग त्यांच्या हाती आला. शिवाय ‘लंकादहन’ आणि ‘श्रीकृष्णजन्म’ यांचे तुकडे आज संग्रहात आहेत, आणि ‘चित्रपट कसे तयार करतात’ या लघुपटाचा अंश आहे. त्यात दादासाहेब स्वतः कामात गढलेले दिसतात. फिल्म हातात घेऊन बघणारे, माणसांना सांगणारे, एडिट करणारे.

अशी रीळं अर्काइव्हच्या टेबलावर आली की पुढे काय होतं, ते बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. तरुणपणी मी जुन्या फिल्मच्या तपासणीचं काम केलं आहे. फाळक्यांची रीळं नव्हे, पुष्कळ नंतरची, पण रीत तीच. झाकण गंजलेलं असतं, ते कडेकडेने सैल करायचं, ठोकायचं नाही. उघडताक्षणी पहिलं काम नाक करतं. शिरक्याचा वास आला तर फिल्म अॅसिटेटची, म्हणजे नंतरच्या सुरक्षित प्रकारची, आणि तिचा क्षय सुरू झालेला. उग्र, कुबट, घशाला झोंबणारा वास आला तर नायट्रेट, आणि खोलीतल्या माणसांनी सावध व्हायचं. नायट्रेट आधी पिवळी पडते, मग चित्र फिकट होतं, मग मधासारखा चिकट द्रव सुटून वेढे एकमेकांना धरून बसतात, आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. चिकटलेला वेढा ओढला की चित्राचा थर निघून येतो, म्हणून बोटाच्या टोकाने, सुती हातमोजे घालून, एकेक इंच सोडवायचा. फाटलेली छिद्रं मोजून लिहायची. जुने जोड तपासायचे. भिंगाखाली चौकट धरून कुणाचा चेहरा आहे ते ओळखायचं.

त्यात आणखी एक अडचण असते. फिल्म जुनी झाली की आकसते. छिद्रांमधलं अंतर कमी होतं आणि प्रिंटिंग मशिनच्या दातांशी मेळ बसत नाही. मग चौकटीमागून चौकट अशी नवी प्रत घ्यावी लागते, फार सावकाश. टेबलाजवळ कुणी मोठ्याने बोलत नाही. शूटिंगवर जसा गलका असतो तसा इथे कधीच नसतो. पण एखाद्या काळ्या पडलेल्या पट्टीत माणसाचा हात दिसला, डोळे दिसले, की टेबलाभोवती जमलेली सगळी माणसं एकदम वाकतात. मला चित्रपटसृष्टीत याहून मोठा आनंद मिळालेला नाही.

नायर स्वतः किती चित्रपट पाहत याच्या गोष्टी पुण्यात अजून सांगतात. अंधारात छोटी बॅटरी आणि वही घेऊन बसत, रीळ संपेल तसं टिपण काढत. केरळातून आलेला हा माणूस मराठी मूकपटांच्या तुकड्यांसाठी गावोगाव हिंडला. १९९१मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा संग्रहात सुमारे बारा हजार चित्रपट होते. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी त्यांच्यावर ‘सेल्युलॉइड मॅन’ हा माहितीपट केला. २०१६मध्ये ते पुण्यातच गेले. मराठी माणसाने नायरांचं ऋण मान्य करायला हवं तितकं केलेलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

‘राजा हरिश्चंद्र’बद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती जपणुकीशीच जोडलेली आहे. २१ एप्रिल १९१३ला ग्रँट रोडच्या ऑलिंपियात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला. पण संग्रहातली जी रीळं आपण पाहतो ती त्या वेळची नसून दादासाहेबांनी १९१७मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची आहेत, असं वीरचंद धरमशींसारखे अभ्यासक म्हणतात. सतत खेळ होऊन प्रिंट खराब झाली, वाहतुकीत तिने पेट घेतला, म्हणून चित्रपट नव्याने करावा लागला, असं सांगितलं जातं. तसं असेल तर स्वतःची नष्ट झालेली कृती दादासाहेबांनी स्वतःच पुन्हा उभी केली. जपणुकीचं काम त्यांच्या मुलांच्या आधी त्यांनीच सुरू केलेलं होतं, आणि त्यासाठी त्यांना सगळा चित्रपट दुसऱ्यांदा करावा लागला.

वाचलेली वस्तूही कायमची वाचत नाही. ८ जानेवारी २००३ला पुण्यात, फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या जुन्या कोठाराला आग लागली आणि नायट्रेटची कितीतरी रीळं गेली. ज्यांच्या सुरक्षित फिल्मवर प्रती झाल्या होत्या, ते चित्रपट राहिले. फाळक्यांचे राहिले.

त्या आवाराचाही एक किस्सा आहे, तोही वडील आणि मुलगा असाच. तिथे पूर्वी प्रभात फिल्म कंपनी होती. १ जून १९२९ला कोल्हापुरात सुरू झालेली, १९३३ला पुण्याला आलेली. प्रभातच्या भागीदारांपैकी विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल हे दोघे बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले चित्रकार. बाबूरावांनी स्वदेशी कॅमेरा बनवला त्यात दामल्यांचा हात होता. त्या कॅमेऱ्यावर काढलेली १९२०ची ‘सैरंध्री’ आज कुठेही नाही. बाबूराव पेंटरांसारख्या कलावंताचं मूकपटांतलं काम आपल्याकडे तुकड्यातुकड्यांनी उरलं, याची हळहळ कमी होत नाही. दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ मात्र आपण आजही पाहू शकतो. १९३७मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात तो गौरवला गेला. दामले १९४५मध्ये वारले, प्रभात पुढे बंद पडली, स्टुडिओ गेला आणि चित्रपटही कंपनीच्या हातून गेले. विष्णुपंतांचे चिरंजीव अनंतराव दामले यांनी ते पुन्हा मिळवले. वडिलांचे आणि वडिलांच्या सहकाऱ्यांचेही. घरातला वारसा म्हणजे फक्त आपल्या माणसाचं नाव असलेली वस्तू, असं त्यांनी मानलं नाही. प्रभातचा ‘तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’ पुढच्या पिढ्यांना टीव्हीवर, मग घरच्या पडद्यावर पाहायला मिळाला, त्यामागे ही चिकाटी आहे.

अशी घरं महाराष्ट्रात अजून पुष्कळ आहेत. एखादे काका छायालेखक होते, आजोबा रंगभूषा करत, वडील पोस्टरं रंगवत, आईने दोन चित्रपटांत काम केलं. त्यांची वस्तू माळ्यावर असते. मोठ्या नावाच्या माणसाचं काम कुणीतरी विचारत येतं. या मंडळींचं विचारायला कुणी येत नाही. त्यासाठी थोडं सांगून ठेवतो.

डबा सापडला तर तो उन्हात वाळवायला ठेवू नका. पत्र्याखालच्या माळ्यावरून काढून घरातल्या थंड, कोरड्या जागी आणा. चिकटलेलं रीळ सोडवायला जाऊ नका, ओल्या फडक्याने पुसू नका, कुणाच्या जुन्या प्रोजेक्टरवर लावून बघू नका. आकसलेली फिल्म तिथेच फाटते. १९५०च्या आसपासची किंवा त्याआधीची फिल्म असेल तर ती नायट्रेटची धरून चाला, देवघर आणि गॅस यांच्यापासून लांब ठेवा आणि बस-रेल्वेने स्वतः नेऊ नका. डब्यावरची जुनी चिठ्ठी काढू नका. फक्त फिल्मच नव्हे, पटकथेच्या वह्या, हिशेबाच्या चोपड्या, गाण्यांच्या पुस्तिका, काचेच्या निगेटिव्ह, स्थिरचित्रं, पत्रं हेही तितकंच मोलाचं आहे. नुसत्या चौकटींवरून जे कळत नाही ते वडिलांच्या अक्षरातल्या एका टिपणावरून कळतं. घरात त्या काळचं कुणी असेल तर त्यांना फोटो दाखवून नावं लिहून घ्या, आजच.

मग पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा, किंवा मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनला. माणसं येऊन पाहतात, काय आहे ते सांगतात. वस्तू जपायला दिली म्हणजे चित्रपटावरचा तुमचा हक्क आपोआप जातो असं नाही. तसं लेखी करून घ्या, आणि प्रत मागून घ्या. पण भंगारवाल्याला देऊ नका. घर बदलताय, भावाभावांत वाटणी होतेय, माळा रिकामा करायचाय, काहीही कारण असो, तो डबा दाराबाहेर ठेवण्याआधी एक फोन करा.